विस्मृत खेळाडूंचे स्मरण : पालवणकर बंधूंपासून घ्यावयाचा धडा

दरवर्षी पावसाळा सरला की आम्ही विद्यार्थ्यांना घेऊन कार्ल्याच्या लेण्यांकडे जातो. चैत्यगृहात शिरल्यावर प्रथम मुलांचे डोळे उंच छताकडे व त्यातील लाकडी कमानींकडे जातात. पण आम्ही त्यांना खांबांजवळ थांबवितो, कारण त्या भिंतींवर आणि खांबांवर ब्राह्मी लिपीत नावे कोरलेली आहेत. वैजयंतीचा श्रेष्ठी भूतपाल तेथे आहे, धेनुकाकट गावचे यवन आहेत, सुगंधी द्रव्यांचा एक व्यापारी आहे आणि दाराचे काम करणारा सामी नावाचा एक सुतारही आहे. कोणी किती मोठा होता हे त्या लेखांत फारसे सांगितलेले नाही. नाव काय, गाव कोणते आणि दिले काय, एवढेच लिहिले आहे. दोन हजार वर्षे एका सुताराचे नाव टिकते, ते कोणीतरी वेळीच कोरून ठेवले म्हणून.

अशाच एका सहलीहून परतताना आम्ही मुलांना विचारले, 'पूर्वीच्या काळातील थोर खेळाडूंची नावे सांगा.' उत्तरे भराभर आली. पण त्यांतील बहुतेक नावे दूरदर्शनच्या पडद्यावर पाहिलेली होती. ज्याने याच पुणे जिल्ह्यात चेंडू हाती घेतला, ज्याची कीर्ती इंग्लंडपर्यंत गेली आणि ज्याचा सत्कार आपल्या समाजाने शंभराहून अधिक वर्षांपूर्वी अभिमानाने केला, त्या बाळू पालवणकरांचे नाव एकाही मुलाने घेतले नाही. दोष मुलांचा नव्हता. आम्ही शिक्षकांनीच ते नाव त्यांना कधी नीट सांगितले नव्हते. या स्मरणिकेच्या निमित्ताने ती उणीव भरून काढावी, या हेतूने हा अभ्यासलेख माजी विद्यार्थी, पालक आणि समाजबांधवांपुढे ठेवीत आहोत.

तीन रुपयांची चाकरी

बाळू पालवणकर यांचा जन्म १८७६ साली धारवाड येथे, अस्पृश्य मानल्या गेलेल्या चर्मकार समाजात झाला. वडील लष्करी सेवेत असल्याने कुटुंब पुण्यात राहिले. गोऱ्या शिपायांनी टाकून दिलेल्या साहित्यावर बाळू आणि त्यांचे धाकटे भाऊ क्रिकेट शिकले. पुण्यातील पारशी मंडळींच्या क्लबात बाळूंना पहिली नोकरी मिळाली. खेळपट्टी झाडणे आणि तिच्यावर रोलर फिरविणे हे काम. पगार महिना तीन रुपये. पुढे १८९२ च्या सुमारास ते युरोपीय अधिकाऱ्यांच्या क्लबात गेले. तेथे महिना चार रुपये मिळू लागले. जाळी उभारणे, खेळपट्टी तयार करणे आणि अधूनमधून साहेबांना सरावासाठी गोलंदाजी करणे, हे तेथील काम होते.

ही अधूनमधूनची गोलंदाजीच त्यांची शाळा झाली. ते डावखुरे संथ गोलंदाज होते. चेंडूचा टप्पा अचूक, वेग सतत बदलता, आणि वळण फलंदाजाला शेवटपर्यंत न कळणारे, अशी त्यांची ख्याती होती. त्या काळचे नामवंत इंग्रज फलंदाज कॅप्टन ग्रेग हे इतरांच्या आधी मैदानावर येऊन बाळूंच्या गोलंदाजीवर सराव करीत. आपल्याला बाद केल्यास दर वेळी ते बाळूंना आठ आणे देत, अशी आठवण सांगितली जाते. मुलांनी येथे थोडे गणित करावे. आठ आण्यांप्रमाणे आठ वेळा बाद केले की चार रुपये होतात; म्हणजे महिनाभर रोलर ओढून जे मिळे, तेवढे आठ चेंडूंत मिळत होते. परंतु त्या सर्व वर्षांत साहेबांनी त्यांच्या हाती बॅट कधी दिली नाही. फलंदाजी हा मालकाचा मान, गोलंदाजी हे नोकराचे काम, अशी त्या मैदानावरची रीत होती.

चेंडू एक, पेला वेगळा

पुण्यातील हिंदूंचा संघ युरोपीयांविरुद्ध खेळू इच्छीत होता, तेव्हा बाळूंना घ्यावे की नाही यावर वाद झाला. ज्या गोलंदाजामुळे सामना जिंकता येईल तो जातीने अस्पृश्य होता, ही त्या संघाची अडचण होती. अखेर विजयाच्या इच्छेने त्यांना संघात घेतले. मात्र मैदानाबाहेरची व्यवस्था बदलली नाही. खेळताना सर्व गडी एकाच चेंडूला स्पर्श करीत. चहाच्या वेळी इतर खेळाडू आत बसत आणि बाळूंना बाहेर, वापरून फेकून द्यावयाच्या मातीच्या पेल्यात चहा मिळे. जेवणासाठी त्यांचे ताट वेगळे आणि जागाही वेगळी असे.

आम्ही वर्गात हा भाग शिकवितो तेव्हा मुले हमखास विचारतात, 'मग ते खेळायचे सोडून का गेले नाहीत?' हा प्रश्न टाळू नये. सोडून गेले असते तर चार रुपयांची चाकरी व रोलर तेवढे उरले असते. बाळूंना एक गोष्ट कळली असावी, असे आम्हांस वाटते. माणसाच्या गुणाबद्दल वाद घालता येतो, पण धावफलकाशी वाद घालता येत नाही. साताऱ्याच्या गोऱ्यांच्या जिमखान्याविरुद्ध त्यांनी सात बळी घेऊन सामना जिंकून दिला. नंतर पुण्यात न्यायमूर्ती महादेव गोविंद रानडे यांनी त्यांचा जाहीर सत्कार केला. पेला मातीचाच राहिला. पण त्यांचे नाव आता सभेत उच्चारले जाऊ लागले.

घाट उतरून मुंबईला

एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस पुण्यात प्लेगची साथ आली आणि पालवणकर कुटुंब मुंबईला गेले. पुण्याहून मुंबईला जाणारी आगगाडी १८६३ साली खुल्या झालेल्या बोरघाटाच्या मार्गाने धावत असे. आपल्या लोणावळा-खंडाळ्यावरून घाट उतरूनच हे भाऊ नव्या शहरात पोहोचले असतील. मुंबईत हिंदू जिमखान्यातही बाळूंच्या प्रवेशाला काहींनी हरकत घेतली, पण ती टिकली नाही. पुढे बॉम्बे, बडोदा अँड सेंट्रल इंडिया रेल्वेत त्यांना नोकरी मिळाली व त्या रेल्वेच्या संघाकडूनही ते खेळले.

फेब्रुवारी १९०६ मध्ये मुंबईत हिंदू आणि युरोपीय संघांचा सामना झाला. हिंदूंनी पहिल्या डावात २४२ आणि दुसऱ्या डावात १६० धावा केल्या. युरोपीयांचे डाव १९१ आणि १०२ धावांत संपले, आणि हिंदूंनी १०९ धावांनी विजय मिळविला. त्यांत बाळूंचे बळी होते आठ. त्यांचे धाकटे बंधू शिवराम हेही याच संघात होते. राज्यकर्त्यांना त्यांच्याच खेळात हरविले, म्हणून सर्व हिंदी समाजाला या विजयाचा आनंद झाला. त्याहून महत्त्वाची गोष्ट अशी की, मुंबईत हे बंधू इतर खेळाडूंच्या पंक्तीला बसून जेवू लागले होते. पुण्यातील वेगळ्या पेल्यापासून मुंबईतील एका पंक्तीपर्यंतचे हे अंतर कापायला सुमारे दहा वर्षे लागली.

१९११ साली पतियाळाचे महाराज भूपिंदरसिंग यांच्या नेतृत्वाखाली एक अखिल भारतीय संघ इंग्लंडला गेला. त्यात बाळू आणि शिवराम हे दोघे होते. संघाच्या दृष्टीने दौरा निराशाजनक ठरला; बहुतेक सामने तो हरला. परंतु बाळूंनी त्या दौऱ्यात ११४ बळी घेतले. तेव्हा त्यांचे वय पस्तिशीचे होते आणि खांदा दुखावलेला होता. शिवरामांनी सॉमरसेट परगण्याविरुद्ध नाबाद शतक काढून संघाला विजय मिळवून दिला. हरलेल्या संघातील हे दोघे भाऊ आपले काम चोख करून परतले.

कर्णधारपदाचा प्रश्न

येथवर आपण पाहिले ते अडथळे उघड होते. यापुढचा अडथळा अधिक सूक्ष्म होता. संघात घेतले, पंक्तीला बसविले, बळींची संख्या मान्य केली. पण संघाचे नेतृत्व? मुंबईच्या चौरंगी स्पर्धेत हिंदूंचा सर्वांत अनुभवी खेळाडू असूनही बाळूंना कर्णधारपद मिळाले नाही. दुसऱ्याच्या आज्ञेत उत्तम खेळणारा अस्पृश्य चालत होता. दुसऱ्यांना आज्ञा देणारा चालत नव्हता.

१९२० साली बाळूंना संघातूनच वगळले गेले आणि कर्णधारपदासाठी त्यांच्या भावांचाही विचार झाला नाही. तेव्हा विठ्ठल व शिवराम यांनी जाहीर निवेदन देऊन संघातून माघार घेतली. त्यांनी आपल्यावरील अन्यायाचे कारण स्पष्ट शब्दांत मांडले. त्यावर वृत्तपत्रांत व सभांत मोठी चर्चा झाली. परिणामी बाळूंना उपकर्णधार म्हणून परत बोलाविण्यात आले आणि सामन्यात काही काळ प्रत्यक्ष नेतृत्वही त्यांच्याकडे आले. अखेर १९२३ साली विठ्ठल पालवणकर हिंदू संघाचे कर्णधार झाले व त्यांच्या संघाने युरोपीयांना हरवून स्पर्धा जिंकली. सामना संपताच लोकांनी विठ्ठलांना खांद्यावर उचलून घेतले. ज्यांच्या सावलीचाही विटाळ मानला जाई, त्यांना शेकडो हातांनी उचलले, हा प्रसंग आमच्या मते त्या स्पर्धेतील कोणत्याही शतकाहून मोठा आहे.

येथे एक नोंद आवश्यक आहे. विठ्ठलांना कर्णधारपद मिळाले याचे श्रेय केवळ काळ बदलला यास देता येणार नाही. तीन वर्षांपूर्वी दोन भावांनी आपली जागा पणाला लावून नकार दिला होता. गुणाला मान मिळण्यासाठी गुण लागतोच. पण अनेकदा त्यासोबत नकार देण्याचे धैर्यही लागते.

दूर देशीचा एक दाखला

हा अनुभव केवळ आपल्या देशाचा नाही. इंग्लंडच्या उत्तर भागात रग्बी लीग नावाचा खेळ लोकप्रिय आहे. लांबट चेंडू हाती घेऊन पळायचे आणि प्रतिस्पर्ध्यांनी पकडून जमिनीवर पाडायचे. कबड्डी खेळणाऱ्या आपल्या मुलांना त्यातील पकड लगेच समजेल. हा खेळ १८९५ साली मूळ रग्बीपासून वेगळा झाला, आणि त्याचे कारण मजुरीचे होते. गिरण्यांत व खाणींत काम करणाऱ्या खेळाडूंचा शनिवारी सामन्यामुळे रोज बुडत असे. त्याची भरपाई मिळावी, अशी उत्तरेकडील क्लबांची मागणी होती. खेळ हा शुद्ध हौसेचाच असावा, असे म्हणणारे सुखवस्तू लोक ती मान्य करीनात. तेव्हा हडर्सफील्ड येथे बैठक घेऊन उत्तरेकडील क्लबांनी आपली वेगळी संघटना स्थापली. रोलर ओढून क्रिकेट शिकलेल्या बाळूंना ही मागणी ताबडतोब पटली असती.

या खेळाने आपले जुने थोर खेळाडू कसे जपले, ते पाहण्यासारखे आहे. बिली बोस्टन हे वेल्समधील कार्डिफ बंदराजवळच्या गरीब वस्तीतील कृष्णवर्णीय कुटुंबात १९३४ साली जन्मले व इंग्लंडमधील विगन संघाकडून खेळले. कारकिर्दीत त्यांनी ५७१ वेळा चेंडू प्रतिस्पर्ध्यांच्या रेषेपलीकडे टेकविला. त्याच कार्डिफचे क्लाइव्ह सलिव्हन लहानपणी पायांच्या विकाराने त्रस्त होते. नीट चालता येईल की नाही, अशी शंका होती. त्याच मुलाने पुढे ग्रेट ब्रिटनच्या राष्ट्रीय संघाचे नेतृत्व केले. कोणत्याही खेळात ब्रिटनचा राष्ट्रीय संघ सांभाळणारे ते पहिले कृष्णवर्णीय कर्णधार होत, आणि १९७२ साली त्यांच्या संघाने विश्वचषक जिंकला. विठ्ठलांच्या विजयानंतर हे घडायला एकोणपन्नास वर्षे जावी लागली.

आज हल शहरात शिरणाऱ्या मुख्य रस्त्याला सलिव्हन यांचे नाव आहे. विगनमध्ये बोस्टन यांचा पुतळा आहे. १९८८ साली स्थापन झालेल्या त्या खेळाच्या गौरवदालनात त्यांचे नाव पहिल्याच वर्षी घेतले गेले, आणि २०२५ साली त्यांना 'सर' हा किताब मिळाला. तेव्हा ते नव्वदी पार केलेले होते. सन्मान उशिरा आला; परंतु शहराने नाव जपले होते म्हणूनच तो येऊ शकला. खेळाडूची थोरवी मैदानावर सिद्ध होते, पण ती टिकविण्याचे काम मैदानाबाहेरच्या माणसांचे असते.

बाबासाहेब आणि बाळू

आता या लेखातील सर्वांत अवघड भागाकडे वळतो. आपल्या काही वडीलधाऱ्या मंडळींच्या मनात बाळू पालवणकरांविषयी किंतु आहे, आणि त्याला कारण आहे. ते कारण लपवून केलेला गौरव खरा ठरणार नाही.

१९११ च्या दौऱ्याहून परतल्यावर मुंबईतील अस्पृश्य समाजाने बाळूंचा सत्कार केला. त्या प्रसंगीचे मानपत्र तरुण भीमराव आंबेडकरांनी लिहिले होते, असे चरित्रकारांनी नोंदविले आहे. शिकत असलेल्या त्या तरुणाला आपल्या समाजातील एक माणूस केवळ गुणाच्या बळावर जगापुढे उभा राहिलेला दिसला, यात त्याला मोठी आशा वाटली असणार. परंतु पुढे दोघांचे मार्ग वेगळे झाले. १९३२ साली स्वतंत्र मतदारसंघांच्या प्रश्नावर बाळूंनी संयुक्त मतदारसंघांची बाजू घेतली. पुणे करारावर ज्या सह्या झाल्या, त्यांत बाबासाहेबांची सही आहे आणि बाळूंचीही आहे. १९३७ च्या निवडणुकीत काँग्रेसने मुंबईत बाबासाहेबांविरुद्ध बाळूंना उभे केले. बाबासाहेबांना १३,२४५ मते मिळाली, बाळूंना ११,२२५. बाबासाहेब विजयी झाले.

ज्यांनी बाबासाहेबांविरुद्ध निवडणूक लढविली, त्यांचा गौरव आपण करावा काय? आम्ही शिक्षकांनी या प्रश्नावर आपापसांत पुष्कळ चर्चा केली. आमच्यापैकी काहींचे मत असे होते की, खेळाची गोष्ट मुलांना सांगावी व राजकारणाची सोडून द्यावी. आम्ही ते मान्य केले नाही. ज्यांनी आयुष्यभर आपल्याला अर्धे सांगितले, त्यांच्याविरुद्ध आपली तक्रार हीच आहे की त्यांनी सोयीचे तेवढे ठेवले व गैरसोयीचे गाळले. तेच आपण करू लागलो, तर तक्रारीचा अधिकार उरत नाही.

या बाबतीत मार्ग स्वतः बाबासाहेबांनीच दाखविला आहे. १८ जानेवारी १९४३ रोजी पुण्यात, ज्या रानड्यांनी बाळूंचा सत्कार केला होता त्यांच्याच जयंतीनिमित्त, बाबासाहेबांनी भाषण केले. थोर पुरुषाविषयी आदर बाळगणे वेगळे आणि त्याच्यापुढे आपली विचारशक्ती गहाण टाकणे वेगळे, असा भेद त्यांनी त्या भाषणात केला. पहिल्यात माणूस आपला स्वाभिमान राखतो, दुसऱ्यात तो गमावतो. हीच कसोटी आपण बाळूंना लावू. १९३२ आणि १९३७ साली बाळूंनी घेतलेली भूमिका आम्हांस मान्य नाही. बाबासाहेबांची दृष्टी अधिक दूरची होती, असे आम्ही मानतो. परंतु मातीच्या पेल्यातील चहा पिऊन ज्या माणसाने शेकडो फलंदाज बाद केले, त्याची ती तपश्चर्या निवडणुकीतील एका पराभवाने पुसली जात नाही. मतभेद नोंदवावा आणि गुणही नोंदवावा. दोन्ही नोंदींना त्याच वहीत जागा आहे.

४ जुलै १९५५ रोजी मुंबईत बाळू पालवणकरांचे निधन झाले. त्याआधी सहा महिने, २५ डिसेंबर १९५४ रोजी, बाबासाहेबांनी आपल्या मावळच्या वेशीवर देहूरोड येथे बुद्धमूर्तीची स्थापना केली होती. दोघेही एकाच अन्यायातून आलेले, एकाच शहरात वावरलेले, एकमेकांना ओळखणारे. त्यांची आयुष्ये एकत्र ठेवून वाचली तर आपला इतिहास अधिक खरा दिसतो.

नाव का विसरले गेले?

बाळूंच्या विस्मरणाची कारणे शोधणे हा अभ्यासाचा विषय आहे. आम्हांस तीन कारणे दिसतात.

पहिले कारण काळाचे. भारताने पहिला कसोटी सामना जून १९३२ मध्ये लॉर्ड्सच्या मैदानावर खेळला. तेव्हा बाळूंनी छपन्नी गाठली होती. कसोटीच्या यादीत ज्याचे नाव नाही, त्याची आठवण पुस्तके सहसा ठेवीत नाहीत. प्रथम दर्जाच्या ३३ सामन्यांत त्यांनी १७९ बळी घेतले व प्रत्येक बळीमागे सरासरी जेमतेम पंधरा धावा दिल्या. हे आकडे आजही कोणत्याही गोलंदाजाला भूषणावह ठरतील.

दुसरे कारण स्पर्धेचे. ज्या स्पर्धेत हे बंधू गाजले, तिचे संघ धर्मानुसार बनत. स्वातंत्र्याच्या तोंडावर १९४६ साली ती बंद पडली, आणि ते योग्यच झाले. पण स्पर्धेबरोबर तिच्यातील खेळाडूंची आठवणही अडगळीत गेली.

तिसरे कारण आपले स्वतःचे. इतरांनी विसरणे समजण्यासारखे आहे. आपण का विसरलो? विठ्ठल पालवणकरांनी आपले आत्मवृत्त मराठीत लिहून ठेवले होते. ते वाचायला भाषेची अडचण नव्हती. आपल्या घरांत थोर पुरुषांच्या तसबिरी लागल्या, पण त्यांच्या शेजारी हातात चेंडू घेतलेला माणूस लावावा, असे आपल्याला सुचले नाही. खेळ म्हणजे अभ्यासातून वेळ काढून करावयाची गंमत, असे आपणही मानत राहिलो.

याउलट कराडजवळच्या गोळेश्वर गावाचे उदाहरण घ्यावे. खाशाबा जाधव १९४८ साली लंडन ऑलिंपिकमध्ये सहावे आले. १९५२ साली हेलसिंकीला जाण्यासाठी पैसे नव्हते, तेव्हा कोल्हापूरच्या राजाराम महाविद्यालयाचे प्राचार्य खर्डेकर यांनी आपले घर गहाण ठेवून सात हजार रुपये उभे केले. खाशाबांनी कुस्तीत कांस्यपदक जिंकले. स्वतंत्र भारताचे ते पहिले वैयक्तिक ऑलिंपिक पदक होते. दुसऱ्यासाठी देशाला १९९६ पर्यंत थांबावे लागले. शासनाला त्यांची आठवण उशिरा झाली. अर्जुन पुरस्कार मिळाला तो मृत्यूनंतर. पण त्यांच्या परिसराने, तालमींनी, गावकऱ्यांनी त्यांना विसरू दिले नाही, आणि आज १५ जानेवारी हा त्यांचा जन्मदिवस महाराष्ट्राचा क्रीडादिन म्हणून पाळला जातो.

आपण काय करावे?

पूजनीयांचा आदर करणे हे उत्तम मंगल आहे, अशी तथागतांची शिकवण आहे. आदर करायचा तर आधी माहिती हवी. म्हणून विद्यालयात आम्ही एक लहानसे काम हाती घेतले आहे, आणि त्यात आपणा सर्वांचा हात हवा आहे.

मावळातील गावोगाव कबड्डी, खो-खो आणि कुस्ती जुन्या काळापासून खेळली जाते. तुमच्या घरी एखादे आजोबा असतील, ज्यांची पकड सुटत नसे. एखादी आजी असेल, जिने लग्नापूर्वी शाळेच्या संघातून धाव घेतली आणि नंतर कधी मैदान पाहिले नाही. त्यांच्याजवळ बसावे. नाव, गाव, साल, खेळ, सोबतचे गडी आणि हरविलेला किंवा जिंकलेला एखादा सामना, एवढे कागदावर उतरवावे. संघात घेतले नसेल तर ते का, हेही विचारावे. ऐकीव गोष्ट आणि पाहिलेली गोष्ट वेगवेगळी लिहावी. अतिशयोक्ती करू नये; खऱ्या थोरवीला तिची गरज नसते. विद्यालयाच्या ग्रंथालयात या नोंदींसाठी एक वही ठेवली आहे. तिचे पहिले पान आम्ही बाळू, शिवराम, गणपत आणि विठ्ठल या चार पालवणकर बंधूंच्या नावे लिहिले आहे. दुसरे पान कोरे आहे.

पुढच्या वर्षी कार्ल्याला जाताना ती वही बरोबर नेण्याचा आमचा विचार आहे. सामी सुताराचे नाव वाचून झाले की, त्याच खांबाजवळ बसून मुलांनी आपल्या गावच्या खेळाडूंची नावे मोठ्याने वाचावीत. त्यासाठी तोवर काही पाने भरलेली असावीत, एवढीच आपणा सर्वांना विनंती.

विद्यार्थ्यांसाठी अभ्यासप्रश्न

१. खेळपट्टी तयार करणे, गोलंदाजी, फलंदाजी आणि कर्णधारपद या चार कामांतील मानाची उतरंड बाळूंच्या काळात कशी होती? आज तुमच्या संघात अशी उतरंड आहे काय?

२. १९२० साली विठ्ठल व शिवराम यांनी माघार घेतली नसती, तर १९२३ साली काय घडले असते, असे तुम्हांस वाटते? कारणे द्या.

३. ज्याच्या मतांशी आपण सहमत नाही, अशा माणसाच्या गुणांचा गौरव कसा करावा? बाबासाहेबांनी आदर व अंधभक्ती यांत केलेल्या भेदाच्या आधारे उत्तर लिहा.

४. तुमच्या घरातील किंवा गावातील एका जुन्या खेळाडूची मुलाखत घ्या आणि ती एका पानात लिहून ग्रंथालयातील वहीत जोडा.